मिरजेचा पंच, मस्कतची गोळी

मंडळी, ऐका! नमन झालं, भजन झालं, टाळ खाली ठेवा आणि जरा सावरून बसा. आज आधी एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्यायचं नाही, हात वर करून द्यायचं! प्रश्न असा — ज्यानं डाव मांडला, त्यानंच डाव जिंकला, तर ते जिंकणं खरं का?

करा, करा हात वर! खरं म्हणणाऱ्यांनी करा. हं... ते काका बघा, अर्धाच हात वर! अर्धा हात म्हणजे काय हो, काका? बायको कुठं बघतीय ते बघून पुढचं ठरवणार? असू दे, असू दे. आख्यान संपेपर्यंत हात तसाच ठेवा, वर न्यायचा की खाली ते मग ठरवू.

आख्यान कशाचं, तर बंदुकीच्या खेळाचं. बघा! लगेच कपाळाला आठ्या! 'ताई, देवळात बंदूक?' अहो, घरात तुमचा नातू मोबाइल आडवा धरून 'मार, मार, डावीकडं आला' म्हणून ओरडतो, तोच तो खेळ. चौघं चार गावांत बसतात, पडद्यावर एका मैदानात उतरतात, एकमेकांवर गोळ्या झाडतात. बंदुका खोट्या, गोळ्या खोट्या, मरणं खोटी — राग तेवढा खरा! मी पण एकदा खेळून बघितला. भाचा म्हणाला, 'मावशी, पळ!' मी म्हटलं, 'कुठं?' तेवढ्यात मेले! पण त्या खेळाची एक गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडं एका जन्मासाठी केवढ्या येरझारा, आणि तिथं मेलेला माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत परत उभा! तर असा खेळ कुणीतरी बांधतं ना? मेलेला कुठं उठणार, कुणाला काय बक्षीस मिळणार, कुणाची गोळी खरी धरायची — हे कुणीतरी आधी बसून ठरवतं. त्या ठरवणाऱ्याची ही गोष्ट.

मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या मागच्या बाजूला विहंग जंगम नावाचा एक गडी राहायचा. धंदा म्हणजे हे असले खेळ तयार करायचे. त्याचे जिवाभावाचे मित्र तीन. एक तब्बसुम मुजावर — मिरजेचीच, त्याच्याबरोबर शिकलेली, संगणकाच्या पोटातलं सगळं कळणारी. दुसरा दिगंबर लोहार, नोकरीसाठी चंद्रपूरला कोळशाच्या खाणीवर गेलेला. आणि तिसरा बाहुबली चौगुले, सगळ्यांचा बाहू. तो मस्कतला! तिथं मोठमोठ्या क्रेन चालवायचा. आईबापांनी नाव ठेवलं बाहुबली, आणि खेळात सगळ्यांच्या आधी मरायचा कोण? तोच!

कॉलेजात असताना चौघं रोज संध्याकाळी एका कट्ट्यावर बसायचे. मग पोटापाण्याला पांगले. फोन व्हायचे, पण फोनवर काय बोलणार? 'बरायस?' 'बराय.' 'पाऊस?' 'नाही.' संपलं! विहंगला ते फार लागायचं. त्यानं ठरवलं, कट्टा परत बांधायचा. आणि बांधला! पडद्यावर अख्खी मिरज उभी केली. गल्ली, विहीर, पाण्याची टाकी, बाहूच्या घराचं निळं दार, दारातली सायकलसुद्धा. दर शनिवारी दिवेलागणीला चौघांनी त्या गल्लीत उतरायचं, ज्यानं त्यानं स्वतःसाठी लढायचं, एकमेकांना गोळ्या घालायच्या आणि कानाला हेडफोन लावून मनसोक्त गप्पा मारायच्या.

पहिल्या शनिवारी काय झालं सांगू? बाहू त्या निळ्या दारापुढं नुसता उभा राहिला. विहंगनं दोनदा मारला, तरी परत येऊन तिथंच उभा! 'अरे, पळ की लेका!' — 'थांब रं मर्दा, घर बघू दे.' पाच वर्षं तो गावी आला नव्हता, मंडळी. विहंगचे डोळे भरले, आणि डोळे पुसता पुसता त्यानं बाहूला तिसऱ्यांदा मारला. खेळ म्हणजे खेळ!

असे चार-पाच शनिवार मोठे मजेत गेले. आणि दर शनिवारी जिंकला कोण? विहंग! पुढं? विहंग! तब्बसुम अधूनमधून जवळ यायची, दिगू क्वचित कधी, बाहू कधीच नाही. विहंगला वाटायला लागलं, काय आपला हात! काय आपली नजर! आई जेवायला हाक मारायची तर हा म्हणायचा, 'थांब गं, आज परत जिंकलोय.' आई म्हणायची, 'कुणाशी?' 'मित्रांशी.' 'मग एवढं काय ओरडतोस?' आई बरोबर बोलली, पण आयांचं ऐकतंय कोण!

आता त्यानं खेळात ठरवलेलं काय काय होतं, ते ऐका. एक — लागोपाठ तीन बळी घेतले की बक्षीस म्हणून दिव्यदृष्टी! भिंतीपलीकडचे गडीसुद्धा दिसायचे. म्हणजे जो आधीच वरचढ, त्यालाच आणखी डोळे! दोन — मेलेला उठायचा तो विहिरीपाशी, आणि विहिरीवर नजर कुठून? टाकीवरून. टाकीवर बसायला कुणाला आवडायचं? विहंगला! बिचारा बाहू विहिरीपाशी जन्माला यायचा आणि उभा राहीपर्यंत परत मोक्षाला जायचा. आणि तिसरी गोष्ट — ती कुणाच्या डोक्यातच नव्हती. सगळा खेळ चालायचा विहंगच्या खोलीतल्या संगणकावरून. सुरुवातीला तोच हाताशी होता, म्हणून तोच धरला. कुणाची गोळी कुणाला लागली, याचा निवाडा करणारा पंच त्याच संगणकात बसलेला. यातलं एकही काम त्यानं वाईट बुद्धीनं केलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. खेळ नीट चालतो का हे बघायला तो रोज स्वतः खेळायचा. आपल्या खुर्चीत बसून, आपल्या यंत्रावर. त्याला मजा आली की म्हणायचा, खेळ जमला!

बाहू मात्र दर वेळी एकच बोलायचा. 'मी आधी गोळी सोडलो की!' आणि विहंग हसायचा. 'तू तर उभाच होतास, बाहू! तुझा हात जड झालाय. क्रेन चालवून चालवून बोटं पण क्रेनसारखी फिरतात.' सगळे हसायचे, बाहू पण हसायचा. पण मंडळी, हसणाऱ्याच्या घशात काय अडकलंय ते मस्कतहून मिरजेला ऐकू येत नाही.

मग एका शनिवारी दिगूचा निरोप, सासुरवाडीला जायचंय. पुढच्या शनिवारी बाहूचा, नेट नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी दिगूचं डोकं दुखतंय आणि बाहूचं नेट अजून नाही! अहो, मस्कतला नेट नाही? वाळवंटात उंट हरवला तरी शोधून काढतात ती माणसं! विहंग मिरजेच्या त्या पडद्यावरच्या गल्लीत एकटाच फिरत बसायचा. टाकीवर चढायचा, विहिरीकडं बघायचा. मारायलाही कुणी नाही! ज्या कट्ट्यासाठी एवढा जीव काढला, तो कट्टा त्याच्या डोळ्यादेखत रिकामा झाला.

तब्बसुम त्याला म्हणाली, 'माणूस रोज हरायला कशाला येईल रे?' विहंगला एकदम पटलं. आणि पटलं की माणूस काय करतो? चुकीचा उपाय करतो! त्यानं ठरवलं, आता मुद्दाम हरायचं. बाहूला कसंबसं बोलावलं, आणि समोर आला की नेम चुकवायला लागला. गोळी डावीकडं, गोळी आभाळात, गोळी सायकलीला! बाहूनं त्याला एकदा मारला, दोनदा मारला. तिसऱ्यांदा थांबला. मग म्हणाला —

'विहंग, तू मला सोडतोयस का?'

'न्-नाही रे. तुझा हात सुधारला.'

'लेका, हरवलास ते सोसलो मी. पण कीव करू नको. लहान पोराला पत्त्यात जिंकवतात तसं जिंकवतोस व्हय मला?'

आणि गेला! चौघांच्या ग्रुपमधून पण बाहेर पडला. विहंग पडद्याकडं बघत बसला. त्या दिवशी तो जेवला नाही आणि आईनंही दोनदा विचारलं नाही, तिला चेहरा बघूनच कळलं. मंडळी, इथं जरा थांबू या. जिंकून दुखावलं ते दुखावलं, हरून आणखी दुखावलं! मग माणसानं करायचं काय? बघा, काकांचा अर्धा हात खाली आला!

तर, पुढं ऐका. विहंगची बहीण शिवलीला, जतला दिलेली. तिच्या पोरीचं बारसं शनिवारी. मामा म्हणून विहंगनं जायलाच पाहिजे. गेला, पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. पण दिवेलागण व्हायला आली तसा ह्याचा जीव खालीवर. शनिवार ना! तब्बसुमला फोन लावला. 'माझ्या खोलीत जाऊन यंत्र चालू कर, आई किल्ली देईल. दिगूलाही बोलावलंय मी. निदान तिघं तरी खेळू.' आणि लॅपटॉप घेऊन बहिणीच्या गच्चीवर चढला. मोबाइलचं नेट त्याला जोडलं. जतच्या गच्चीवर नेट कसं, माहिताय? पूर्वेच्या कठड्याला दोन काड्या, पश्चिमेच्या कठड्याला जेमतेम एक!

तब्बसुम बसली विहंगच्या खुर्चीत, विहंग बसला जतच्या गच्चीवर. खेळ सुरू! गल्लीच्या कोपऱ्यावरून तब्बसुम आली. विहंगला ती स्पष्ट दिसली. नेम धरला, गोळी सोडली — आणि मेला! कोण? विहंग! त्याला वाटलं, चुकलं काहीतरी. विहिरीपाशी उठला. टाकीवरून गोळी — मेला! परत उठला, परत मेला! लागोपाठ तीन बळी झाल्यावर तब्बसुमला मिळाली दिव्यदृष्टी. मग तर हा भिंतीआड लपला तरी बाहेर पडायच्या आत मेला! ज्यानं सगळ्यांना मारून मारून गल्ली मोकळी केली, तो गडी अंगणातल्या कोंबडीसारखा पळायला लागला. शेवटी समोरासमोर गाठ पडली. यानं आधी गोळी सोडली, स्वतःच्या डोळ्यानं बघितली, आणि तरी हाच मेला! तसा उठून उभा राहिला आणि गच्चीवरून ओरडला —

'चोर आहे हा खेळ! मी आधी गोळी सोडलो की!'

खाली बारशाच्या बायका गप्प! शिवलीला वर बघून म्हणाली, 'दादा, कुणी गोळी घातली? पोर दचकली की!'

आणि कानात तब्बसुम शांतपणे म्हणाली, 'तू तर नुसता उभाच होतास, विहंग. मी बघितलं, मारलं.'

तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण 'मी आधी गोळी सोडलो की' हे वाक्य, शब्दाला शब्द, कुणाचं होतं? बाहूचं! आणि 'तू तर उभाच होतास' हे कुणाचं? त्याचं स्वतःचं! दर शनिवारी तो बाहूला हेच सुनवायचा. विहंग मटकन कठड्यावर बसला. मग म्हणाला, 'तब्बसुम, बाहू खोटं बोलत नव्हता गं.'

काय झालं होतं, कळलं का? पंच बसला होता मिरजेला. मस्कतहून बाहू गोळी सोडायचा, ती समुद्र ओलांडून पंचापाशी यायची. तिला यायला वेळ लागायचा. फार नाही, पण खेळात तेवढाच पुरतो. आणि विहंगची गोळी? पंच त्याच्या मांडीवरच बसलेला! सुटली की पोचली! पंगतीत स्वयंपाकघराच्या दाराशी जो बसतो, त्याच्या पानात जिलबी गरम पडते. शेवटच्या पानाशी वाढपी पोचेपर्यंत पातेल्यात नुसता पाक! आणि दाराशी बसलेला म्हणतो, 'जिलबी झकास झालीय हो, तुम्ही का जेवत नाही?' विहंग इतके दिवस दाराशी बसून जिलबीची चव घेत होता.

तो तसाच मिरजेला परत आला. दुसऱ्या दिवसापासून तो आणि तब्बसुम कामाला बसले. दिव्यदृष्टीचं बक्षीस विहंगनं स्वतःच्या हातानं पुसलं. मेलेल्यांना उठायला जागोजागी जागा केल्या. मारणाऱ्याची नजर जिथं नाही, तिथंच उठवायचं! इथवर सोपं होतं. आता पंच.

तब्बसुम म्हणाली, 'गोळी कधी पोचली ते पंचानं बघायचंच नाही. बोटातून कधी सुटली ते बघायचं. कुणाची वाट किती लांब, ते पंच आपलं आपण मोजेल. खेळणाऱ्याच्या शब्दावर सोडायचं नाही, नाहीतर उद्या सगळेच म्हणतील मी आधी सोडलो.'

'म्हणजे लांबच्याची गोळी येईपर्यंत पंचानं थांबायचं?'

'थांबायचं.'

'आणि तेवढ्यात मी भिंतीआड गेलो तर? भिंतीआड उभा राहून मी मरायचं?'

'कधीकधी मरायचं.'

'हा अन्याय नाही का मग?'

'आहे की,' तब्बसुम म्हणाली, 'पण इतके दिवस तो सगळा बाहूच्या एकट्याच्या वाट्याला होता. मस्कत काही जवळ येणार नाही, विहंग. लांबपणा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, एवढंच आपल्या हातात.'

आहाहा! लांबपणा वाटून घ्यायचा! काय बोलली पोरगी! पण मंडळी, लगेच सगळं जमलं म्हणता? पंचाला भरपूर थांबवून बघितलं, तर खेळ चिखलातून चालल्यासारखा. विहंगलाच कंटाळा आला, दिगू तर जांभया देत बसला. न्याय झाला, पण मजा गेली. ज्यात मजा नाही तो न्याय घेऊन कट्ट्यावर कोण बसेल? मग थोडं कमी, आणखी थोडं कमी, असं करत करत लांबच्याला आपली गोळी आपली वाटावी आणि जवळच्याचे पाय जड होऊ नयेत, इतपतच थांबा ठेवला. चिडून एकदा विहंग म्हणाला, 'त्यापेक्षा सगळ्यांना सारख्याच बंदुका देतो, नेम आपोआप लागू दे, सगळे सारखेच जिंकतील!' तब्बसुमनं हात जोडले. 'मग खेळायचं कशाला? हातातलं कसब राहू दे बाबा. वाट सरळ कर, चालायचं ज्याचं त्यानं.' आणि प्रत्येक बदल केला की विहंग बसमध्ये बसून कुठं जायचा? जतला! बहिणीच्या गच्चीवर, पश्चिमेच्या कठड्याला, जिथं जेमतेम एक काडी तिथं! शिवलीलाला वाटलं, दादाला भाचीचा फार लळा लागला!

खेळ नीट झाला. पण बाहू? विहंगनं निरोप टाकला नाही, सरळ फोन लावला. तिकडून कोरडा आवाज —

'बोल.'

'बाहू, तू खरं बोलत होतास. तू आधी गोळी सोडत होतास. माझा खेळ चुकत होता.'

विहंगला वाटलं, आता हा फोन ठेवतोय की काय! आणि मग —

'मर्दा! म्हणजे इतके दिवस मी जिंकत होतो की!'

'थोडंफार जिंकत होतास.'

'थोडंफार? हात जड झालाय म्हणालास नव्हं मला? क्रेनवर बसून मी रोज बोटं बघत होतो रं, खरंच जड झाली काय म्हणून!'

हे ऐकून विहंगला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. 'चुकलो, भावा,' म्हणाला. बाहू म्हणाला, 'रडू नको. शनिवारी ये, बघून घेतो तुला!'

आला शनिवार! दिवेलागण झाली. चौघं गल्लीत उतरले. पहिल्याच गाठीला बाहूनं विहंगला असा टिपला, आणि असा ओरडला की तिकडं मस्कतला शेजारच्या खोलीतले लोक धावत आले! दिगूनं तब्बसुमला मारलं, तब्बसुमनं दिगूला मारलं, कुणी सायकलीमागं लपतंय, कुणी विहिरीत डोकावतंय! कानात नुसता दंगा! शेवटी चुरस उरली दोघांची — बाहू आणि विहंग. डाव जिंकायला दोघांनाही अजून एकच बळी हवा. ज्याची गोळी आधी, त्याचा डाव!

विहंगच्या मनात क्षणभर आलं, हरावं का? ह्याला जिंकू द्यावं का? इतकं सोसलंय ह्यानं! पण त्याला ती कीव आठवली. नाही! आज खरंच खेळायचं! दोघं एकदम कोपऱ्यावर आले, दोघांनी नेम धरला, गोळ्या सुटल्या — आणि पडला कोण? बाहू!

विहंग जिंकला. पण ओरडायचं सोडून कान टवकारून बसला. आता बाहू काय म्हणणार? 'मी आधी सोडलो' म्हणणार? परत जाणार? आणि तिकडून एक मोठा, समाधानाचा सुस्कारा आला —

'हरलो की रं! पण आज हरलो ते पटलं. लाव, लाव, अजून एक डाव लाव!'

मंडळी! मला सांगा, मोठी जीत कुठली? विहंगनं बाहूला मारलं ती? की हरलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं 'अजून एक डाव' म्हटलं ती? खेळ चांगला की वाईट हे जिंकणाऱ्याला विचारायचंच नाही हो! तो काय सांगणार? जिलबी झकासच म्हणणार! हरलेल्याला विचारा. त्याला परत बसावंसं वाटलं, तर डाव खरा.

आणि आता तुमच्याकडं वळते! कुठं चाललात? बसा! डाव काय फक्त विहंगनंच मांडलाय? घरात कुणी कधी उठायचं, टीव्हीवर काय लागायचं, पोरीनं किती वाजता घरी यायचं, सुनेनं माहेरी कधी जायचं — हे नियम कुणी केले? कुठल्या खुर्चीत बसून केले? 'आमच्या घरात सगळे सुखी आहेत हो' असं जो छाती काढून सांगतो ना, त्यानं एकदा जतच्या गच्चीवर जाऊन बघावं! सुनेच्या जागी बसून एक दिवस काढावा. आणि कुणी दर वेळी एकच वाक्य बोलत असेल ना घरात, 'माझं आधी होतं की', 'मी सांगितलं होतं की', तर हसू नका त्याला. त्याचं बोलणं लांबून येत असेल.

आता देवाचं नाव घेऊ या. पण रोजच्यासारखं नाही! रोज काय होतं — पुढचे दणक्यात ओरडतात, त्यांचा आवाज संपल्यावर मागून, खांबापलीकडून, मायबहिणींचा आवाज येतो, आणि तोवर मी पुढचं म्हणायला लागलेली असते. आज उलट. पुढच्यांनो, तोंड मिटा! पेटी थांबव. अध्यक्ष, तुम्हीसुद्धा! त्या शेवटच्या ओळीतल्या आजी, हो, तुम्हीच, तुम्ही आधी बोला. आम्ही सगळे थांबलोय. बोला आजी, सावकाश...

आला! आला त्यांचा आवाज! आता सगळ्यांनी मिळून, त्यांच्या बरोबरीनं —

विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!